ब्रॅडगेटचा डिअर पार्क: शिकारीहून मोठी कुंपणाची गोष्ट

प्रश्न: लेस्टरजवळच्या ब्रॅडगेट पार्कला आम्ही घरचे सगळे गेलो होतो. तिथे ऐकलं, की हे पूर्वी राजाचं शिकारीचं जंगल होतं आणि लेडी जेन ग्रेचा शिरच्छेद झाला तेव्हा शोक म्हणून तिथल्या ओक वृक्षांची डोकी छाटली गेली. यात खरं किती? आणि नुसत्या शिकारीसाठी एवढी जमीन अडवून ठेवणं त्या काळात परवडायचं तरी कसं?

उत्तर:

ब्रॅडगेट हे राजाचं जंगल नव्हतं, एका सरदार घराण्याचा खासगी पार्क होता. ओकची डोकी छाटलेली होती हे खरं, पण इथे वाढलेल्या आणि नऊ दिवसांची राणी ठरलेल्या जेनच्या मृत्यूशी त्याचा संबंध नाही. तुमचा तिसरा प्रश्न, परवडायचं कसं, हा तिन्हींत कळीचा. त्याच्या मागे लागलं की पहिल्या दोन्हींचा उलगडा वाटेतच होतो.

जुने बांध, चर आणि कुंपणांच्या रेषा जमिनीवर हुडकायच्या आणि मध्ययुगीन कागदपत्रांशी त्यांची सांगड घालायची, हे माझं काम. ते करताना एक मत पक्कं झालं आहे: डिअर पार्कचा, म्हणजे हरणं राखलेल्या कुंपणबंद जागेचा, इतिहास हरणांपेक्षा त्याच्या कुंपणातून जास्त कळतो. कुंपण कोणाच्या हक्काने घातलं, दरवर्षी डागडुजी कोण करायचं, ते ओलांडणाऱ्याचं काय व्हायचं, हे समजलं की पार्क समजला.

आधी राजाच्या जंगलाचं बघू. १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकून फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन राजांनी इंग्लंडच्या मोठ्या भागाला फॉरेस्टचा कायदा लावला. त्या हद्दीला कुंपण नसायचं. गावं, पेरलेली शेतं, माळ, दलदल असं सगळं त्यात यायचं. जमीन ज्याची त्याची राहायची, पण हरीण आणि हरणाला आसरा देणारी झाडी राजाच्या हुकमतीत. उभ्या पिकात हरीण शिरलं तरी शेतकऱ्याने त्याला इजा करायची नाही. पार्कचा मामला वेगळा. तिथे जागा मर्यादित, चारी बाजूंनी कुंपण, आणि आतलं हरीण मालकाचं. राजाचेही स्वतःचे पार्क होते, विल्टशायरमधला क्लॅरेन्डन त्यातला सर्वांत मोठा, चार हजार एकरांच्या वर. पण बहुतेक पार्क सरदारांचे, बिशपांचे, मठांचे आणि पुढे पुढे साध्या नाइटांचेही होते.

हे सगळं नॉर्मनांनीच आणलं असं सरसकट म्हटलं जातं, ते पूर्ण बरोबर नाही. एसेक्समधल्या ओंगरला हरणांसाठी केलेल्या कुंपणाचा उल्लेख १०४५ च्या एका मृत्युपत्रात आहे, म्हणजे हेस्टिंग्जच्या लढाईच्या वीसेक वर्षं आधी. १०८६ च्या डूम्सडे नोंदींत, म्हणजे राजाने करून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत, पार्क म्हणून पस्तीसच्या आसपास जागा येतात. त्यानंतर मात्र पेवच फुटलं. रानांचे इतिहासकार ऑलिव्हर रॅकहॅम यांच्या अंदाजाप्रमाणे १३०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये सुमारे ३,२०० पार्क होते आणि देशाची साधारण दोन टक्के जमीन त्यांच्या कुंपणांत होती.

नॉर्मनांनी खरोखर काय आणलं, तर फॅलो जातीचं हरीण. तुम्ही ब्रॅडगेटला पाहिलेली ठिपक्यांची हरणं तीच. उन्हाळ्यात ती आपल्या चितळासारखी दिसतात, पण नराची शिंगं टोकाकडे पंजासारखी पसरट होतात. मूळ प्रदेश आजचा तुर्कस्तान. रोमन काळात ससेक्समधल्या फिशबोर्नला ती एकदा पाळली गेली होती, पण रोमन सत्ता गेली तशी तीही संपली. नॉर्मन काळात ती पुन्हा आली आणि पार्कांत इतकी रुळली, की पुढची काही शतकं पार्क म्हणजे फॅलो हरीण हे गृहीतच धरलं जायचं. कारण सरळ आहे. इंग्लंडच्या मूळच्या दोन जातींपैकी लाल हरणाला हिंडायला मोठा मुलूख लागतो आणि रो हरीण आपापली हद्द धरून राहतं, दाटीवाटीत ते तगत नाही. फॅलो कळपाने राहतं, निकृष्ट गवतावरही अंग धरतं आणि कमी जागेत जास्त मावतं. शे-दोनशे एकरांच्या पार्कला असाच प्राणी हवा होता.

आता ब्रॅडगेट. चार्नवुडचा तो भाग नीट पाहिला असेल तर जागोजाग वर आलेले काळपट, धारदार खडक तुमच्या लक्षात आले असतील. ते साधारण ५६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत, इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी. जवळच्याच एका खाणीत १९५७ साली एका शाळकरी मुलाला सापडलेला चार्नियाचा जीवाश्म त्याच काळातला. मध्ययुगातल्या शेतकऱ्याला याचा अर्थ एवढाच होता, की इथे नांगर चालत नाही. मातीचा थर पातळ, दगड फार, उतार तीव्र. बहुतेक डिअर पार्क अशाच जमिनीवर, गावशिवाराच्या कडेला सापडतात. एवढी जमीन अडवणं परवडायचं कसं, याच्या उत्तराचा पहिला तुकडा हा: जी अडवली ती बहुतेक वेळा गव्हाची जमीन नव्हतीच.

ब्रॅडगेट हा ग्रोबीच्या जहागिरीचा भाग. डूम्सडेच्या वेळी ती ह्यू द ग्रॉमेनिलकडे होती, मग बोमाँ घराण्याच्या लेस्टरच्या अर्लांकडे गेली. १२०४ मध्ये त्या घराण्याचा शेवटचा अर्ल निपुत्रिक वारला, मालमत्ता दोन बहिणींच्या वारसांत वाटली गेली आणि ग्रोबी क्विन्सी घराण्याच्या वाट्याला आली. ब्रॅडगेटच्या पार्कचा पहिला उल्लेख १२४१ चा मानतात. त्याच दशकात विंचेस्टरचा अर्ल रॉजर द क्विन्सी आणि शेजारच्या बॅरो जहागिरीचा रॉजर द सोमरी यांच्यात झालेला एक करार शिल्लक आहे, आणि पार्क म्हणजे नेमकं काय होतं हे त्याच्याइतकं स्पष्ट सांगणारा कागद मला दुसरा माहीत नाही.

दोघांनाही आसपासच्या मोकळ्या रानात शिकारीची हाव. सोमरीला अर्लच्या रानात नऊ धनुष्यं आणि सहा कुत्रे घेऊन शिकार करायची मुभा मिळाली. पण प्रश्न पडला तो कुंपणापाशी. सोमरीच्या बाणाने घायाळ झालेलं हरीण पळत पळत ब्रॅडगेटच्या पार्कात शिरलं तर ते कोणाचं? करारात ठरलं असं: सोमरीने एक किंवा दोन माणसं कुत्र्यांमागे आत पाठवावीत, पण धनुष्यबाणाशिवाय. हरीण ज्या दिवशी घायाळ झालं त्याच दिवशी ते धरावं, पार्कातल्या इतर जनावरांना धक्का लागू नये. माणसं पायी असतील तर त्यांनी हरणं जिथून आत येतात त्या उडीच्या जागेवरून किंवा कुंपणावरून यावं. घोड्यावर असतील तर दरवाजातून, तोही उघडा असला तर. बंद असेल तर रखवालदाराला बोलावण्यासाठी आधी शिंग फुंकायचं, आणि मगच आत जायचं.

दोन बलाढ्य सरदार, शेकडो एकर रान, आणि लेखी वाद कशावर, तर एका जखमी हरणामागे फळ्यांच्या कुंपणापलीकडे कोणी, कसं आणि काय हातात घेऊन जायचं यावर! मोकळ्या रानात हक्क वाटून घेता येतो, कुंपणाच्या आत वाटणी नाही. आणि या सगळ्या कलमांत राजा कुठेच नाही, हेही बघा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर देता येणार नाही.

त्या करारातली उडीची जागा हा फार हुशारीचा प्रकार. कुंपणात ठरावीक ठिकाणी बाहेरच्या बाजूने जमीन उंच भरून घ्यायची आणि आतल्या बाजूला खोल चर ठेवायचा. बाहेरचं हरीण सहज उडी मारून आत येतं, पण आतून बाहेर जायचं म्हटलं तर चरातून सरळ वर उडी घ्यावी लागते आणि ती जमत नाही. रानातलं फुकटचं हरीण पार्कात गोळा करण्याचा हा सापळाच. म्हणूनच राजाच्या फॉरेस्टजवळ कोणी अशी जागा ठेवली तर राजाची परवानगी लागायची. नाहीतर राजाची हरणं एकेक करून सरदाराच्या मालकीची व्हायची.

आता कुंपणाच्या बांधणीकडे जरा सविस्तर येतो, कारण खर्चाचं खरं गणित इथे आहे. रचना साधारण अशी: एक चर खणायचा, निघालेली माती बाहेरच्या बाजूला टाकून बांध करायचा आणि बांधाच्या माथ्यावर ओकच्या फळ्यांचं कुंपण उभं करायचं. फळ्या करवतीने कापत नसत. ओकचं खोड पाचरी ठोकून तंतूंच्या बाजूने उभं फोडायचं. अशी फळी जास्त टिकते, कारण लाकडाचे तंतू तुटत नाहीत आणि पाणी आत मुरत नाही. ब्रॅडगेटसारख्या दगडाळ मुलखात पुढे दगडी भिंती आल्या. आज पार्कभोवती दिसणाऱ्या बिनचुन्याच्या भिंती बऱ्याच नंतरच्या आहेत.

चर आत आणि बांध बाहेर, ही खूण लक्षात ठेवा. किल्ल्याचा खंदक बाहेर असतो, कारण शत्रू बाहेरून येतो. गुरांपासून राखलेल्या रानालाही चर बाहेरच असतो. पार्कचा चर आत असतो, कारण अडवायचं आहे ते आत आहे. एखाद्या अनोळखी रानात जुना बांध सापडला की मी आधी चर कोणत्या बाजूला आहे तेच बघतो.

पार्कचा आकारही खर्चानेच ठरायचा. बहुतेक मध्ययुगीन पार्क नकाशावर गोलाकार किंवा कोपरे गोल झालेल्या आयतासारखे दिसतात. हिशेब करून पाहा. २०० एकरांचा पार्क पूर्ण गोल असेल तर कुंपण साधारण ३.२ किलोमीटर लागतं. तीच २०० एकर जमीन रुंदीच्या चौपट लांबीच्या पट्ट्यात घेतली तर ४.५ किलोमीटर. फरक १.३ किलोमीटरचा, आणि दर काही वर्षांनी खांब कुजणार, वादळात झाड पडून भगदाड पडणार, बर्फ साचला की हरणं त्यावर चढून बाहेर जाणार. मध्ययुगीन जहागिरींच्या जमाखर्चात पार्कच्या पानावर सगळ्यात हटकून येणारी नोंद हरणांची नसते, कुंपणाच्या दुरुस्तीची असते. कित्येक ठिकाणी ही दुरुस्ती कुळांच्या गळ्यात घातलेली असायची: अमुक गावाने अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंतचा तुकडा राखायचा. स्वतःच्या पिकात शिरणाऱ्या हरणांना सांभाळण्यासाठी स्वतःच राबायचं, ही त्या कुळांची अवस्था होती, आणि पार्कांविषयी पुढे जो राग उफाळला त्याचं मूळ मला तरी तिथेच दिसतं.

एवढा खर्च भागायचा कसा? पार्क फक्त हरणांचा नसायचाच. आत मोकळी कुरणं असत, तिथे हरणांबरोबर गुरं आणि घोडेही चरत आणि बाहेरच्यांकडून चराईचे पैसे घेतले जात. शरद ऋतूत ओकची फळं पडली की गावकऱ्यांची डुकरं आत सोडली जात आणि दर डुकरामागे पैसे आकारले जात. इमारती लाकूड, सरपण, कोळसा, फर्न, तळ्यातले मासे, कुठे कुठे सशांचे वाडे, हे सगळं उत्पन्नच. काही पार्कांत आतल्या आत आणखी कुंपणं घालून रानाचे तुकडे पाडले जात. एका तुकड्यातली झाडं मुळाशी तोडायची, फुटवे हरणांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत काही वर्षं तो तुकडा बंद ठेवायचा, आणि मग दुसरा तोडायचा.

पण आतली कुंपणंही खर्चिक. त्यावर स्वस्त तोडगा म्हणजे झाड मुळाशी न तोडता माणसाच्या डोक्याहून उंचावर छाटायचं. नवे फुटवे तिथे येतात, हरणाचं तोंड तिथवर पोचत नाही, आणि दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा छाटलं की पुन्हा सरपण. हिवाळ्यात गवत संपलं की पार्कर, म्हणजे पार्कचा रखवालदार, मुद्दाम अशा फांद्या, हॉली आणि आयव्हीचा पाला तोडून हरणांना घालायचा; हरणांनी साल आणि पाला खाल्ला की उरलेली काठी चुलीसाठी. अशा उंचावर छाटलेल्या झाडाला पोलार्ड म्हणतात. अशी छाटणी शतकानुशतकं झाली की खोड आखूड आणि जाड होत जातं, वर उंच शेंडा राहत नाही, आतून पोकळ होतं, आणि तरी झाड जगतं. किंबहुना उंच वाढलेल्या ओकपेक्षा जास्त जगतं, कारण वाऱ्याला धरायला वर काही उरत नाही.

ब्रॅडगेटची डोकी नसलेली झाडं म्हणजे हेच पोलार्ड. जेनच्या दुःखात रखवालदारांनी ती छाटली ही कथा मला मनापासून हृद्य वाटते, आणि ती कोणाला का सुचली असेल हेही कळतं. पण अशीच बिनशेंड्याची ओक झाडं सफोकमधल्या स्टॅव्हर्टन पार्कात आहेत, हेरफर्डशायरमधल्या मॉकसमध्ये आहेत, जिथे कोणत्याही राणीचा शिरच्छेद आठवायचं कारण नव्हतं. ही डोकी हरणांसाठी आणि चुलींसाठी छाटली गेली, पिढ्यान् पिढ्या.

आता शिकारीकडे. पार्क शिकारीसाठी होता असं आपण सहज म्हणतो, पण मध्ययुगात मानाची समजली जाणारी शिकार म्हणजे कुत्र्यांच्या टोळीने एका निवडलेल्या नराचा मैलोन्‌मैल पाठलाग. दोनशे एकरांत ती शक्यच नाही. दहा मिनिटांत कुंपण आडवं येतं. पार्कात व्हायचं ते हाकारे घालून हरणं दबा धरलेल्या तिरंदाजांपुढे आणणं. आणि बहुतेक वेळा मालक तिथे नसायचाच. त्याचे पगारी शिकारी नेमून दिलेल्या हंगामात, उन्हाळ्यात चरबी धरलेले नर आणि हिवाळ्यात माद्या, मारायचे, मांस खारवून पिंपात भरायचे आणि जिथे त्या आठवड्यात मालकाचा मुक्काम असेल तिथे पाठवायचे. तेराव्या शतकात तिसऱ्या हेन्रीच्या दरबारातून अशा हुकमांची रांग लागलेली दिसते: अमुक पार्कातून इतके नर सणाच्या मेजवानीला पाठवा. म्हणजे पार्क हा सर्वांत आधी जिवंत मांसाचा कोठार होता.

आणि ते मांस विकत मिळत नव्हतं. गायीचं, डुकराचं मांस बाजारात पैसे टाकून कोणालाही घेता येई. हरणाचं मांस ताटात आलं याचा अर्थ एकतर तुमचा पार्क आहे, किंवा ज्याचा आहे त्याने तुम्हाला आपलं मानलं आहे. राजा मर्जीतल्या सरदाराला नव्या पार्कासाठी जिवंत नर-माद्या द्यायचा. सरदार शेजारच्या मठाला, न्यायाधीशाला, मुलीच्या सासरला मांस पाठवायचा. हरीण मारल्यावर ते फोडण्याचीही रीत ठरलेली होती: कोणता भाग कुत्र्यांना, कोणता शिकाऱ्याला, एक खांदा रखवालदाराला, आणि मागचे पाय धन्याच्या घरी. उत्खननात हे शब्दशः सापडतं. किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या उकिरड्यांत हरणाच्या मागच्या पायांची हाडं भरपूर निघतात, पुढच्या खांद्याची फार थोडी. रखवालदारांच्या जागी नेमकं उलट. ब्रॅडगेटमध्ये खंदकाने वेढलेली एक छोटी मध्ययुगीन जागा आहे, ती पार्करचं घर असावी असं बराच काळ मानलं जातं. लेस्टर विद्यापीठाने २०१५ पासून काही वर्षं पार्कात उत्खननं केली, त्यात या जागेचाही समावेश होता.

ज्याला हा मान मिळत नव्हता तो रात्री कुंपण तोडायचा. १२१७ च्या फॉरेस्टच्या सनदेने राजाच्या हरणासाठी कोणाचा जीव किंवा हातपाय घेणं बंद केलं. पण १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने खासगी पार्कात घुसणाऱ्याला नुकसानभरपाई आणि तीन वर्षांची कैद सांगितली. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात सेंट अल्बन्सच्या लोकांनी मठाची कुंपणं आणि दरवाजे मोडले; बंडाचा म्होरक्या वॉट टायलर याच्या तोंडी जी मागणी नोंदली गेली आहे तिच्यात रानं, पाणी आणि पार्क सगळ्यांना खुले करा, हेही होतं. त्याला उत्तर म्हणून १३९० मध्ये कायदा आला, की वर्षाला चाळीस शिलिंगांहून कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या सामान्य माणसाने शिकारी कुत्रा पाळायचाच नाही.

तरी लोक थांबले नाहीत. १४५१ मध्ये केंटमधल्या पेन्सहर्स्टला बकिंगहॅमच्या ड्यूकच्या पार्कात एक मोठी टोळी घुसली. चेहऱ्यांना काजळी फासलेली, खोट्या लांब दाढ्या लावलेल्या, आणि स्वतःला ते पऱ्यांच्या राणीचे चाकर म्हणवत होते. ऐंशीच्या वर हरणं त्यांनी उचलली. भुकेल्या माणसाला एका रात्री ऐंशी हरणं लागत नाहीत. तो ड्यूकला दिलेला जाहीर तडाखा होता, आणि तो दोघांनाही कळत होता. १४८५ मध्ये सातव्या हेन्रीच्या पहिल्याच संसदेने तोंड रंगवून किंवा वेष पालटून शिकार करण्याविरुद्ध खास कायदा केला, यावरून हा प्रकार किती फोफावला होता ते समजतं.

ब्रॅडगेट या काळात क्विन्सींकडून लग्नसंबंधाने फेरर्स घराण्याकडे आणि पंधराव्या शतकात तसंच ग्रे घराण्याकडे आलं. त्यातला जॉन ग्रे १४६१ मध्ये सेंट अल्बन्सच्या दुसऱ्या लढाईत पडला. त्याची विधवा एलिझाबेथ वुडव्हिल हिने १४६४ मध्ये राजा चौथ्या एडवर्डशी लग्न केलं. ग्रोबीच्या ग्रे घराण्याचं नशीब तिथून पालटलं. तिचा आधीच्या लग्नाचा मुलगा थॉमस डॉर्सेटचा मार्क्विस झाला, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याने पार्कात विटांचा मोठा वाडा बांधायला घेतला. १५०१ मध्ये तो वारल्यावर मुलाने तो पुरा केला. त्याचे पडके अवशेष तुम्ही पाहिले असतील. याच सुमारास पार्क वाढवला गेला आणि ब्रॅडगेट नावाचं छोटं गाव नकाशावरून गेलं. त्या गावातल्या माणसांचं पुढे काय झालं याबद्दल कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत. मला ही या पार्कच्या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते.

काळही बदलला होता. १३४८-४९ च्या प्लेगनंतर माणसं कमी झाली, मजुरी वाढली, वेठीने कुंपण राखणारी कुळं मिळेनाशी झाली. लहान पार्क मोडीत निघाले, जे उरले ते जास्त श्रीमंतांचे आणि जास्त मोठे. कोठार म्हणून पार्कचं महत्त्व घटलं आणि वाड्याच्या खिडकीतून दिसणारं वैभव म्हणून वाढलं. १५४० च्या आसपास देशभर हिंडून जुन्या गोष्टींच्या नोंदी करणारा जॉन लेलँड फिरत इथे आला तेव्हा त्याने ब्रॅडगेटचा घेर सहा मैल नोंदवला.

याच वाड्यात जेन वाढली. १५५० मध्ये विद्वान रॉजर ॲशम भेटायला आला तेव्हा आईवडील आणि सगळा गोतावळा पार्कात शिकारीला गेला होता आणि ती एकटी खोलीत प्लेटो वाचत बसली होती, मूळ ग्रीकमध्ये. ही शिकार खरा आनंद नव्हे, अशा अर्थाचं ती त्याला म्हणाल्याची आठवण त्याने लिहून ठेवली आहे. जुलै १५५३ मध्ये तिला नऊ दिवसांची राणी केलं गेलं आणि १२ फेब्रुवारी १५५४ ला तिला मारलं गेलं. वय सोळा-सतरा. तिच्यासाठी झाडं छाटली गेली नाहीत याचं मला समाधान नाही, पण जे घडलं नाही ते घडलं म्हणता येत नाही.

पुढचं थोडक्यात. याच घराण्यातल्या थॉमस ग्रेने १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही केली. अठराव्या शतकात घराण्याने ब्रॅडगेटचा वाडा सोडला, तो ढासळत गेला, पण हरणं आणि कुंपण राहिलं. वाडा सोडल्यामुळेच इथे अठराव्या शतकातल्या फॅशनप्रमाणे हिरवळी आणि कृत्रिम तलाव घालून पार्क नव्याने सजवायची कोणाला गरज भासली नाही, आणि मध्ययुगीन पार्कचा रांगडेपणा टिकला. १९२८ मध्ये लेस्टरचे बूट-यंत्रांचे कारखानदार चार्ल्स बेनियन यांनी तो विकत घेऊन लेस्टरशायरच्या लोकांना कायमचा देऊन टाकला. सुमारे साडेआठशे एकर, ज्यात शिरायला एकेकाळी शिंग फुंकून परवानगी मागावी लागायची, आज तिथे कोणीही जातं.

पुन्हा जाल तेव्हा वाड्यापाशी थांबू नका. जुन्या ओकजवळ उभं राहून हरणांच्या तोंडाच्या उंचीखाली एकही पान का नाही ते बघा, आणि छाटणीच्या गाठी किती उंचावर आहेत तेही. इंग्लंडमध्ये राहत असाल तर आपल्या भागाचा सरकारी नकाशा उघडून पार्क फार्म, लॉज फार्म अशी नावं शोधा. त्यांच्याभोवती शेतांच्या बांधांची एखादी लांब, गोलसर वळणारी रेषा दिसली, आसपासचे सगळे बांध तिच्यापाशी येऊन थांबत असले, तर तिथे चालत जा आणि चर कोणत्या बाजूला आहे ते बघा. हिवाळ्यात जा, झुडपं आणि फर्न बसलेली असतात तेव्हा बांध स्वच्छ दिसतो. ब्रॅडगेटला जूनमध्ये गेलात तर मात्र पायवाट सोडू नका आणि सोबत कुत्रा असेल तर तो दोरीने बांधूनच ठेवा, कारण त्या महिन्यात फॅलोची पिल्लं फर्नमध्ये लपवलेली असतात.